फुकटचा कच्चा माल

साल १९९१ असावे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेचा शाखाधिकारी होतो. एके दिवशी एक तरुण उद्योजक 'पांढऱ्या कोळशा'चा प्रकल्प अहवाल घेऊन समोर येऊन बसला. भुईमुगाच्या शेंगांची टरफले, वखारीतला लाकडाचा भुसा आणि उसाचे पाचट यंत्रात दाबून त्यांच्या कांड्या करायच्या आणि त्या वीटभट्ट्यांना व बॉयलरवाल्यांना विकायच्या, अशी योजना होती. मुलगा हुशार होता, अहवाल नेटका होता. 'कच्चा माल' या शीर्षकापुढे एकच ओळ लिहिलेली होती : 'परिसरात मुबलक व विनामूल्य उपलब्ध.' ती ओळ वाचून मी थांबायला हवे होते. थांबलो नाही. कर्ज मंजूर केले.

कारखाना सुरू झाला आणि पहिल्याच हंगामात तेलगिरणीचा मालक वजनकाटा घेऊन उभा राहिला. वर्षानुवर्षे गिरणीच्या मागे टरफलांचा ढीग कुजत पडलेला असे, कोणी उचलून नेला तर मालक उपकार मानायचा. आता त्याच टरफलांचा तो क्विंटलला भाव सांगू लागला. वखारवाल्याने त्याचा कित्ता गिरवला. त्यात पावसाळा आला. भुसा भिजला, यंत्रात अडकू लागला. तो वाळवण्यासाठी भट्टी लावावी लागली आणि त्या भट्टीत कारखान्याच्याच कांड्या जळू लागल्या. दोन वर्षांत खाते थकले. त्या मुलाचा काही दोष नव्हता. चूक अहवालातल्या त्या एका ओळीत होती आणि ती वाचून सही करणाऱ्या माझ्यात होती.

त्या कर्जाने मला दोन गोष्टी शिकवल्या. फुकट कच्चा माल नावाची वस्तू जगात नसते. जोवर कोणी मागत नाही तोवरच ती फुकट असते. आणि ओलावा हा हिशेबात न धरलेला, पण नफ्यात पहिला हक्क सांगणारा भागीदार असतो. शहराचा कचरा जाळून वीज निर्माण करण्याच्या प्रकल्पांच्या बातम्या वाचताना मला हे जुने खाते हटकून आठवते.

कल्पनेची मोहिनी

कल्पना मोहक आहे यात शंका नाही. शहराला नको असलेली वस्तू घ्यायची आणि हवी असलेली वस्तू द्यायची. एका बाजूला कचऱ्याचे डोंगर, दुसऱ्या बाजूला विजेची मागणी, आणि मध्ये एक भट्टी. एका दगडात दोन पक्षी मारण्याची संधी कोणत्या महापौराला, कोणत्या आयुक्ताला नको असेल? शिवाय कचरा टाकायला जागा उरलेली नाही हे वास्तव आहे.

पुण्याचेच पाहा. शहराचा कचरा अनेक वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीतल्या डेपोत जाऊन पडत राहिला. तिथल्या विहिरींचे पाणी बिघडले, वास आणि माश्या घरात आल्या, ढिगांना आगी लागल्या. गावकऱ्यांनी कितीदा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या याची मोजदाद ठेवणे कठीण आहे. गाड्या अडल्या की चार दिवसांत पुण्याच्या पेठांतले कोपरे भरून वाहत आणि मग शहराला फुरसुंगीची आठवण होई. ही गावे २०१७ मध्ये महापालिकेत घेतली गेली आणि पुढे पुन्हा बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. हद्दीच्या रेषा बदलल्या, पण डेपो आहे तिथेच राहिला. मुंबईत देवनारचे क्षेपणभूमीचे मैदान १९२७ पासून कचरा घेत आले आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर मुंबईकरांनी कित्येक दिवस श्वासात घेतला.

तेव्हा भट्टीच्या समर्थकांचा एक मुद्दा प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. कचरा आजही जळतोच आहे. डेपोत तो धुराड्याशिवाय, गाळणीशिवाय, कोणाच्याही जबाबदारीशिवाय जळतो. त्यापेक्षा तो बंद भट्टीत, ठरलेल्या तापमानाला, धूर गाळून जाळणे केव्हाही बरे. प्रश्न एवढाच आहे की जी भट्टी आपण बांधतो ती आपला कचरा खरोखर संपवते, की आपल्याला कायम कचरा पुरवत राहण्याच्या बंधनात अडकवते?

दिल्लीचे एकवीस दिवस

या प्रश्नाचे पहिले उत्तर दिल्लीने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. १९८७ मध्ये दिल्लीच्या तिमारपूर भागात कचऱ्यापासून वीज निर्माण करणारे केंद्र उभे राहिले. यंत्रसामग्री डेन्मार्कहून आली होती. रोज ३०० टन कचरा जाळून पावणेचार मेगावॉट वीज काढायची होती. यंत्रात दोष नव्हता. त्याच जातीची यंत्रे युरोपात उत्तम चालत होती. पण चाचणीचे जेमतेम एकवीस दिवस चालून हे केंद्र बंद पडले आणि १९९० मध्ये त्याला कायमचे टाळे लागले.

झाले असे की, यंत्राची रचना किलोला सुमारे साडेचौदाशे किलोकॅलरी उष्णता देणारा कचरा गृहीत धरून केली होती. दिल्लीच्या गाड्यांनी आणून ओतलेला कचरा त्याच्या निम्मीच उष्णता देत होता. जळण्यासारखे जे होते, म्हणजे कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, चिंध्या, ते कबाडीवाल्यांनी आणि कचरा वेचणाऱ्यांनी आधीच उचललेले होते. भट्टीपर्यंत पोहोचले ते झाडलोटीची माती, राख आणि ओली भाजी. युरोपातल्या कचऱ्यासाठी बेतलेल्या यंत्रात आपण दिल्लीचा कचरा घातला. तेलगिरणीच्या मालकाने टरफलांना भाव लावला, त्याचेच हे मोठे रूप.

आपल्या राज्यातही याची पुनरावृत्ती झाली. पुण्यात हडपसरच्या रामटेकडी भागात रोज ७०० टन कचऱ्याचे वायूत रूपांतर करून १० मेगावॉट वीज देणारा प्रकल्प गाजावाजा करून आणला गेला. तंत्र निराळे होते, कच्चा माल तोच. जाहीर केलेल्या क्षमतेने तो कधीच चालला नाही.

ओल्या चुलीचे शास्त्र

यात गूढ काही नाही. ज्यांनी लहानपणी आजीला ओल्या लाकडाची चूल फुंकताना पाहिले आहे त्यांना हे शास्त्र पाठ आहे. डोळे चुरचुरतात, घरभर धूर होतो आणि भाताला आधण येत नाही.

पाण्याची वाफ करायला किलोला साधारण सहाशे किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. आपल्या घरातल्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक वाटा ओल्याचा असतो : मेथीची देठे, कलिंगडाच्या साली, चहाचा चोथा, शिळा भात, आंब्याच्या दिवसांत कोयी आणि साली. भाजीपाल्यात तर ऐंशी-नव्वद टक्के पाणीच असते. भट्टीत गेलेला असा प्रत्येक किलो स्वतः काही देण्याआधी स्वतःचे पाणी आटवण्यासाठी दुसऱ्याची उष्णता मागतो. पावसाळ्यात तर उघड्या कुंड्यांतला कोरडा कचराही ओला होतो. उलट कोरडा कागद किंवा लाकूड किलोला तीन-चार हजार किलोकॅलरी देते. प्लास्टिकच्या पिशव्यांची उष्णता तर चांगल्या दगडी कोळशालाही मागे टाकते.

म्हणून २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी एक समंजस रेषा आखली. किलोला १,५०० किलोकॅलरी वा त्याहून अधिक उष्णता देणारा आणि पुन्हा वापरात येऊ न शकणारा कचरा जमिनीत पुरू नये, त्याचा ऊर्जेसाठी उपयोग करावा, असे त्यांत म्हटले होते. यातले 'पुन्हा वापरात येऊ न शकणारा' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ओला कचरा खताला किंवा बायोगॅसला जावा, विकण्याजोगा कोरडा कचरा कारखान्यांकडे परत जावा आणि उरलेला भट्टीत जावा, असा तो क्रम होता. कागदावर क्रम बिनचूक आहे. अडचण अशी की, पहिल्या दोन पायऱ्या नीट पार पडल्या तर तिसऱ्या पायरीसाठी फारच थोडे उरते. भट्टी मात्र त्या थोडक्यासाठी बांधली जात नाही. ती संपूर्ण शहर डोळ्यांसमोर ठेवून बांधली जाते.

कोरडा कचरा कोणाचा?

इथे या प्रश्नातला मानवी धागा लागतो. पुण्यात १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत स्थापन झाली. डॉ. बाबा आढावांचे पाठबळ तिला होते. त्यातूनच २००८ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. तीन हजारांहून अधिक कष्टकरी, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, हे काम करत आल्या आहेत. त्यांची कमाई दोन गोष्टींवर अवलंबून असते : घरटी मिळणारे मासिक शुल्क आणि कोरड्या कचऱ्यातून निवडलेल्या भंगाराची विक्री.

आता भट्टीची आणि या बाईची मागणी शेजारी शेजारी ठेवून पाहा. भट्टीला ओले नको, तिलाही नको. भट्टीला पुठ्ठा हवा, तिलाही हवा. भट्टीला दुधाच्या पिशव्या, बाटल्या, डबे, जाड प्लास्टिक हवे, तिलाही तेच हवे. दोघांचे ग्राहक वेगळे आहेत, पण कच्चा माल एकच आहे. ज्याला 'टाकाऊ' म्हणून प्रकल्प अहवालात शून्य किंमत लावली जाते, ते एका कुटुंबाच्या संध्याकाळच्या पिठामिठाचे पैसे असतात. आणि ती जे निवडते त्याचा कागद पुन्हा कागद होतो, प्लास्टिक पुन्हा बादली होते. नवा कागद आणि नवे प्लास्टिक बनवण्याची जी ऊर्जा त्यामुळे वाचते, ती या वस्तू जाळून मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्त असते. म्हणजे देशाच्या ऊर्जेच्या खात्यातही भट्टीपेक्षा तिचीच जमा मोठी आहे. फक्त तिच्या जमेला मेगावॉटमध्ये मोजण्याची पद्धत नाही, त्यामुळे तिच्या कामाचे उद्घाटन होत नाही.

आमच्या सोसायटीत गेली काही वर्षे एक ताई कचरा न्यायला येतात. शेजारच्या शहरातल्या प्रकल्पाची बातमी त्यांच्या कानावर गेली होती. "काका, तिकडं मशीन सगळं जाळतं म्हणं. मग वेगळं करून द्यायचं लोक बंद करतील का हो?" त्यांनी मला विचारले. मोठमोठ्या सल्लागार कंपन्यांच्या अहवालांत न सापडणारा प्रश्न त्यांनी पायरीवर बसून विचारला होता. कारण खरा धोका तोच आहे. 'शेवटी सगळे जळणारच आहे' हे एकदा नागरिकाच्या मनात बसले की ओला आणि कोरडा वेगळा करण्याचे कष्ट कोण घेणार? आणि वेगळा केला नाही तर भट्टीसुद्धा नीट चालणार नाही. ओल्याचा भार घेऊन ती धुमसत राहील.

हिशेब युनिटचा

शेजारचे शहर म्हणजे पिंपरी-चिंचवड. मोशी येथील तिथल्या प्रकल्पाचे उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. खर्च सुमारे ३०० कोटी रुपये, क्षमता रोज ७०० टन, वीज १४ मेगावॉट आणि वर्षाला अडीच लाख टन कचऱ्याचा वापर असे त्याचे घोषित आकडे आहेत. हडपसरच्या मानाने हा प्रकल्प अधिक विचारपूर्वक आखलेला आहे. कचरा आधी चाळून, निवडून मगच भट्टीत द्यायचा, अशी त्याची रचना आहे. तो उत्तम चालावा अशीच माझी इच्छा आहे. पण हिशेब मांडायला हरकत नसावी.

१४ मेगावॉटचे यंत्र चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला ३ लाख ३६ हजार युनिट वीज होते. म्हणजे जाळलेल्या टनामागे ४८० युनिट. यातली काही वीज कारखाना स्वतःच खातो, ती सोडून देऊ. रोज चार युनिट वापरणारे कुटुंब धरले तर चौऱ्याऐंशी हजार कुटुंबांना पुरेल एवढी ही वीज आहे. ऐकायला बरी वाटते. पण महाराष्ट्राची विजेची कमाल मागणी पंचवीस हजार मेगावॉटच्या पुढे गेली आहे. तिच्यापुढे १४ मेगावॉट म्हणजे जवळजवळ दोन हजारावा हिस्सा. उद्या राज्यातल्या सर्व मोठ्या शहरांनी आपला सगळा कचरा जाळला तरी विजेचा प्रश्न जागचा हलणार नाही.

ही वीज स्वस्तही नाही. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये कचऱ्यापासूनच्या विजेचे जे दर ठरवले ते युनिटला सात रुपयांच्या पुढे होते. २०१६ च्या वीजदर धोरणाने वितरण कंपन्यांना अशी सगळी वीज विकत घ्यायला सांगितले. सौर विजेचे लिलाव मात्र अलीकडे अडीच-तीन रुपयांच्या आसपास होत आहेत. वानगीदाखल युनिटमागे चार रुपयांचा फरक धरा. टनामागे ४८० युनिट, म्हणजे सुमारे १,९०० रुपये झाले. ही विजेची किंमत नव्हे. ही कचऱ्याची विल्हेवाट लावण्याची मजुरी आहे आणि ती विजेच्या बिलातून वसूल होते. प्रत्येक प्रकल्पाचा दर वेगळा असतो, कुठे फरक कमी असेल, कुठे महापालिका टनामागे वेगळे शुल्क देत असेल. पण फरक कुठल्या ना कुठल्या खिशातून जातोच.

मजुरी द्यायला माझी हरकत नाही. कचरा नाहीसा करण्याचे काम फुकट होत नाही. माझी हरकत खात्याच्या नावाला आहे. खर्चाला उत्पन्न म्हटले की त्याची तपासणी होत नाही, हे बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला चांगले ठाऊक असते. ज्याला आपण वीजनिर्मिती केंद्र म्हणतो ते वस्तुतः कचरा जाळण्याचे केंद्र आहे आणि वीज हे त्याचे जोडउत्पादन आहे. तसे स्पष्ट म्हटले की मग पुढचा प्रश्न विचारता येतो : तोच टन कचरा खत, बायोगॅस आणि भंगार या मार्गांनी संपवायला किती खर्च येतो? पुणे महापालिकेने प्रभागांमध्ये पाच-पाच टनांचे बायोगॅस प्रकल्प बांधले होते. त्यांतले बरेचसे पुऱ्या क्षमतेने चालले नाहीत. कारण त्यांनाही शुद्ध ओला कचरा हवा होता आणि तो मिळत नव्हता. छोट्याचे अपयश आपण असे सोडून देतो आणि त्यावर उपाय म्हणून मोठे काहीतरी आणतो. पण दोघांच्या अपयशाचे कारण एकच असते, ते म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली एकच बादली.

धूर आणि राख

भट्टीच्या धुराबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. क्लोरीन असलेले प्लास्टिक कमी तापमानाला, अर्धवट जळाले की डायॉक्सिन वर्गातली अतिविषारी द्रव्ये तयार होतात. ती अत्यल्प प्रमाणातही घातक असतात, शरीरातल्या चरबीत साठून राहतात. त्यांवर उपाय ज्ञात आहे. ज्वलनाचे वायू किमान ८५० अंश सेल्सियसला दोन सेकंद राहिले पाहिजेत, मग ते चुना, सक्रिय कोळसा आणि कापडी गाळण्या यांतून गेले पाहिजेत. युरोपात हे होते. तेव्हा भट्टी म्हणजे विषाचा कारखानाच, हे म्हणणे खरे नाही.

पण हे सगळे तापमान स्थिर राहण्यावर अवलंबून आहे. आज कोरडा, उद्या ओला, परवा मातीने भरलेला कचरा आला की तापमान खालीवर होते. गाळण्या बदलण्याचा खर्च मोठा असतो आणि डायॉक्सिनचे मोजमाप रोज होत नाही, अधूनमधून नमुना घेऊन होते. दिल्लीत ओखला येथे २०१२ पासून मोठे केंद्र चालू आहे. सुखदेव विहारसारख्या वस्त्या त्याच्या अगदी जवळ आहेत. तिथल्या रहिवाशांनी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात आणि पुढे हरित लवादात वर्षानुवर्षे लढा दिला. केंद्र चालूच राहिले. आज दिल्लीत अशी चार केंद्रे आहेत आणि तरीही गाझीपूर, भलस्वा आणि ओखला इथले कचऱ्याचे डोंगर पुरते हटलेले नाहीत. भट्टी आली की डेपो गेला, असे समीकरण मांडणाऱ्यांनी ते डोंगर पाहून यावेत.

राखेचे काय? जळलेल्या कचऱ्याच्या वजनाचा पाचवा-चौथा हिस्सा राख म्हणून उरतो. तळाची राख विटा-रस्त्यांना वापरता येते. पण गाळणीत अडकलेल्या राखेत शिसे, कॅडमियम यांसारखे धातू आणि धुरातून काढून घेतलेले विष असते. ती सुरक्षित जागीच पुरावी लागते. म्हणजे फुरसुंगीच्या शेतकऱ्याला 'आता डेपो नको' असे सांगताना, राख कुठे जाणार आहे हेही सांगावे लागेल.

डेन्मार्कचा दुसरा धडा

तिमारपूरला यंत्र पाठवणाऱ्या डेन्मार्कचे पुढे काय झाले? हा देश कचरा जाळण्यात जगात अग्रेसर राहिला आणि त्याला ते परवडण्याचे मोठे कारण थंडी हे होते. भट्टीच्या उष्णतेतून वीज काढून झाली की उरलेले गरम पाणी नळांनी घरोघर फिरते आणि घरे उबदार ठेवते. उष्णतेचा बहुतेक अंश असा कामी लागतो. आपल्याकडे नुसती वीज काढतात तेव्हा तीन-चतुर्थांशाहून अधिक उष्णता हवेत जाते. पुण्याच्या मे महिन्यात गरम पाण्याचे नळ घरात फिरवून घ्यायला कोणीही तयार होणार नाही.

कोपनहेगनमध्ये २०१७ च्या सुमारास सुरू झालेली एक भव्य भट्टी जगभर नावाजली गेली. तिच्या छतावर बर्फावरच्या घसरणीसारखा उतार केला आहे आणि लोक तिथे खेळायला जातात. पण भट्टी मोठी आणि शहराचा कचरा कमी, अशी स्थिती झाली आणि परदेशांतून कचरा आणून तिचे पोट भरण्याची वेळ आली. शेवटी २०२० मध्ये डेन्मार्कने आपली कचरा जाळण्याची क्षमता सुमारे तीस टक्क्यांनी कमी करण्याचे ठरवले. प्लास्टिक म्हणजे शेवटी खनिज तेलच. ते जाळून हवामानाची उद्दिष्टे गाठता येणार नाहीत, हेही त्यामागे होते. श्रीमंत आणि शिस्तीच्या देशालाही भट्टीचा आकार चुकला की ती भट्टी कशी मालकीण होऊन बसते, याचे हे उदाहरण आहे.

मंजुरीपत्रातल्या अटी

मग कचरा जाळूच नये काय? माझे तसे म्हणणे नाही. वेफर्सची चकचकीत पाकिटे, गुटख्याच्या पुड्या, फाटक्या चपला, मळके रेक्झिन, भिजून खराब झालेल्या गाद्या अशा ज्या वस्तूंना भंगारात कोणी हात लावत नाही, त्यांचे पुरण्यापेक्षा जाळणे बरे. त्यासाठी भट्टी हवी. पण हा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर आज मी तो त्या १९९१ च्या अहवालासारखा मंजूर केला नसता. मंजुरीपत्राला काही अटी जोडल्या असत्या.

पहिली अट आकाराची. शहरात एकूण किती कचरा निघतो यावर नव्हे, तर वर्गीकरणानंतर किती उरतो यावर भट्टीची क्षमता ठरावी. दुसरी अट कराराची. असे करार वीस-वीस वर्षांचे असतात आणि त्यांत ठरलेले टन पुरवण्याचे बंधन सहसा महापालिकेवर असते. जे शहर कचरा कमी करील त्याला दंड, हा उलटा न्याय झाला. हमी द्यायचीच असेल तर कचऱ्याच्या प्रतीची द्यावी, टनांची नको. तिसरी अट हक्काची. कोरड्या कचऱ्यावर पहिला हात वेचणाऱ्यांचा राहील आणि त्यांनी नाकारलेलेच भट्टीला मिळेल, हे करारात लिहिलेले असावे, भाषणात नव्हे. चौथी अट उघडपणाची. भट्टीचे तापमान, धुराचे आकडे आणि डायॉक्सिनच्या चाचण्यांचे निकाल परिसरातल्या नागरिकांना मराठीत, फळ्यावर, वेळच्या वेळी दिसावेत. राख किती निघाली आणि कुठे गेली याची वही त्यासोबत असावी. पाचवी अट नावाची. महापालिकेच्या अंदाजपत्रकात हा प्रकल्प उत्पन्नाच्या नव्हे, विल्हेवाटीच्या खर्चाच्या सदराखाली दाखवावा.

या अटी मान्य करणारा प्रकल्प छोटा असेल. त्याच्या उद्घाटनाला मोठा मंडप लागणार नाही. पण असे खाते थकत नाही, असा माझा अनुभव आहे.

शेवटची अट माझ्यावर आणि तुमच्यावर आहे आणि ती कोणत्याही करारात लिहिता येणार नाही. भट्टी असो, बायोगॅस असो की खताचा खड्डा असो, या प्रत्येकाचे यश ओला आणि कोरडा कचरा घरातच वेगळा होण्यावर ठरते. कोट्यवधी रुपयांचे यंत्र जे काम मोशीला किंवा हडपसरला करण्याचा प्रयत्न करते, ते काम ओट्याखालच्या दुसऱ्या बादलीने होऊ शकते. ती बादली दीड-दोनशे रुपयांना मिळते.

त्या ताईंना मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. "लोक बंद करणार नाहीत" असे म्हणालो खरा, पण जामीन राहताना माणूस जसा थोडा बिचकतो तसा माझा आवाज आला असावा. दुसऱ्या दिवशी त्यांनी जिन्यातल्या चौदा घरांच्या बादल्या रिकाम्या केल्या. त्यांपैकी पाच घरांचे ओले-कोरडे एकत्र होते. त्यांनी काही न बोलता पायरीवर फडके अंथरले आणि हाताने निवडायला सुरुवात केली.